मज्जेतला शेजार

(अकादमीच्या उज्जैन येथील कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाची संहिता. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



व्याख्यानाचा विषय कळवा असं पत्र आलं, तेव्हा मी लिहून पाठवलं : हाडांच्या मज्जेतल्या पेशी रक्ताच्या मूलपेशींना कशा वाढवतात आणि कशा आवरतात. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून फोन आला, "ताई, दुसऱ्या कुणाचा कागद चुकून तुमच्या पाकिटात गेलाय का?" नाही, माझाच होता. माझा प्रबंध जात्यावरच्या ओव्यांवर आहे. गेली ३० वर्षं मी साहित्य शिकवते. बारावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक मी उघडलं ते एकदम वयाच्या ५३ व्या वर्षी, आणि तेही हौस म्हणून नाही.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, रक्ताचा कर्करोग झाला. केमोथेरपी झाली, आजार दबला, पण डॉक्टर म्हणाले, तो परत येईल; मज्जा बदलावी लागेल. सख्ख्या भावंडांची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. आम्ही दोघंच भावंडं. तपासणी झाली आणि माझी जुळली. मी ज्या ओव्यांवर प्रबंध लिहिला, त्यांतली निम्मी बहीण-भावाच्या नात्याची आहेत. तिथे बहीण भावासाठी काय काय करत नाही! पण मज्जा दिल्याचं मला कुठे आढळलं नव्हतं.

मज्जा ही गोष्ट मात्र मला नवी नव्हती. आमचं जुनं घर गोपाळ मंदिराच्या मागे. रविवारी मटण शिजायचं आणि नळी दादाच्या ताटात पडायची. ताटाच्या काठावर ती आपटून तो आतली मज्जा काढायचा, आणि मी समोर बसून बघत राहायचे. आईला विचारलं तर म्हणायची, मुलग्यांच्या हाडांना ताकद लागते. मुंबईच्या रुग्णालयात संमतीपत्रावर सही करताना मी दादाला म्हटलं, "तेव्हा घरातली खाल्लीस, आता माझीही घे." तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला म्हणून सांगते.

त्या वेळी डॉक्टरांनी सहज एक वाक्य टाकलं : "दात्याचं वय थोडं जास्त आहे, पण हरकत नाही." त्या वाक्याने माझी झोप उडाली. माझ्या पेशी म्हाताऱ्या म्हणजे नेमकं काय म्हातारं? पेशी की त्यांचं घर? आजचं बोलणं या एका प्रश्नातून निघालेलं आहे.

आधी शब्दांबद्दल, कारण आपण शब्दांची माणसं आहोत. वर्गात मी 'मज्जा' म्हटलं की पोरं हसतात. त्यांच्या लेखी मज्जा म्हणजे सहलीत येते ती. 'पेशी' म्हटलं तर आपल्या उज्जैनमध्ये आणखी पंचाईत. इथे पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. माझ्या एका विद्यार्थिनीने 'मूलपेशी' हा शब्द वाचून विचारलं होतं, "मॅडम, म्हणजे पहिली तारीख का?" हिंदीत पेशीला कोशिका म्हणतात, आणि पेशी म्हटलं तर स्नायू आठवतो. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांना शब्द असे अडखळवतात. हे दुःख नाही, पण लिहिताना लक्षात ठेवावं लागतं.

तर मूलपेशी. काही पुस्तकांत 'स्कंदपेशी' असंही दिसतं, स्कंध म्हणजे झाडाचं खोड. रक्तात ज्या ज्या पेशी असतात, लाल, पांढऱ्या आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, त्या सगळ्यांची आई म्हणजे मज्जेतली रक्ताची मूलपेशी. निरोगी मोठ्या माणसाची मज्जा दिवसाला सुमारे २०,००० कोटी लाल पेशी तयार करते, म्हणजे सेकंदाला २० लाखांहून जास्त. मी हे वाक्य बोलून संपवेपर्यंत तुमच्या-माझ्या कंबरेच्या हाडात एखाद्या कोटीची भर पडली. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, बिंबिका आठ-दहा दिवस. त्यामुळे हा कारखाना एक दिवसही बंद ठेवून चालत नाही.

आपल्या गावात धन्वंतरी आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथल्या एका वैद्य मैत्रिणीकडे मी बसले. आपल्या सप्तधातूंची परंपरा सांगते : रसापासून रक्त, रक्तापासून मांस, मग मेद, अस्थी, मज्जा आणि शेवटी शुक्र. म्हणजे रक्त आधी आणि मज्जा कितीतरी नंतर. आजच्या विज्ञानाने हा क्रम उलटवला. पण मैत्रिणीने सुश्रुतसंहितेतली एक जागा दाखवली, ती मला फार आवडली. मोठ्या हाडांच्या पोकळीत असते ती मज्जा, आणि इतर हाडांत असतो तो 'सरक्त मेद', असा भेद तिथे केला आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात हेच दिसतं : मांडीच्या हाडाच्या मधल्या नळीत पिवळी, चरबीची मज्जा, आणि कणा, बरगड्या, उरोस्थी, कंबरेचं हाड यांत लाल मज्जा, जिथे रक्त बनतं. पाहिलेलं नेमकं लिहून ठेवणारा कुणीतरी तिथे होता. यावरून आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं अशी उडी मी मारणार नाही. तशी उडी मारणारे सभागृहात असतील तर त्यांची क्षमा मागते. सुश्रुताने पाहिलं, पण सरक्त मेदातून रक्त जन्मतं असं म्हटलं नाही. दादाला मी हे सांगितलं, की तू चापून खायचास ती नळी म्हणजे बहुतेक नुसती चरबी होती. त्याला ते पटलेलं नाही.

मज्जेत रक्त बनतं हे १८६८ साली दोघांनी दाखवलं : कोनिग्सबर्गच्या अर्न्स्ट नॉयमान यांनी आणि त्याच वर्षी इटलीत ज्युलिओ बित्सोत्सेरो यांनी. पण एकाच पेशीतून रक्ताच्या निरनिराळ्या पेशी निघतात, याचा पुरावा यायला १९६१ उजाडलं. टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलोक यांनी किरणोत्साराने ज्यांची मज्जा नष्ट केली होती अशा उंदरांना दुसऱ्या उंदराची मज्जा टोचली. दहाएक दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर गाठी दिसल्या. पुढच्या काळात सिद्ध झालं की एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढली होती. बीज सापडलं.

आता मी जिथे थांबणार आहे ती जागा आली. बीज सापडलं की माणसाला वाटतं, झालं, सगळं कळलं. आपली भाषाही बीजाच्या बाजूची आहे. 'हाडाचा शिक्षक', 'रक्तातच आहे त्याच्या', 'खाण तशी माती' असं आपण म्हणतो. पण त्याच टोरांटोच्या मंडळींनी १९६४-६५ मध्ये दोन जातींच्या उंदरांवर केलेले प्रयोग मी वाचले, आणि माझ्या डोक्यातलं बीज हललं.

दोन्ही जातींचे उंदीर जन्मतः पंडुरोगी. रक्त कमी, अंगावरच्या केसांच्या रंगातही गडबड. बघायला एकाच आजाराचे वाटावेत इतके सारखे. पहिल्या जातीच्या उंदराला निरोगी उंदराची मज्जा टोचली तर तो बरा झाला. म्हणजे त्याचं बीज खराब होतं, नवं पेरलं आणि उगवलं. दुसऱ्या जातीच्या उंदराला निरोगी मज्जा टोचली, काही उपयोग झाला नाही. मग उलटं केलं : या दुसऱ्या, आजारी उंदराची मज्जा काढून पहिल्या जातीच्या उंदराला टोचली. आणि तो बरा झाला! आजारी उंदराची मज्जा, पण तिच्यातलं बीज चोख. दोष मातीत होता. त्या शरीरात कुठलंही बीज टाका, ते रुजणार नाही.

अनेक वर्षांनी याचं रासायनिक उत्तर मिळालं. मज्जेतल्या काही पेशी, ज्या स्वतः रक्त बनवत नाहीत, त्या एक प्रथिन तयार करतात. 'स्टेम सेल फॅक्टर' हे त्याचं नाव. मूलपेशीच्या अंगावर हे प्रथिन धरणारी एक खुंटी असते. पहिल्या जातीत खुंटी बिघडलेली होती, दुसऱ्या जातीत प्रथिन. १९९० मध्ये हे दोन्ही धागे जुळले. पण 'दोष बीजात की मातीत' हा प्रश्न २५ वर्षं आधी, केवळ हुशारीने अदलाबदल करून सोडवला गेला होता. मला त्या प्रयोगात एखाद्या चांगल्या कथेची बांधणी दिसते.

त्यानंतर मँचेस्टरची दोन माणसं. मायकल डेक्स्टर यांनी १९७७ मध्ये बाटलीच्या तळाशी मज्जेतल्या चिकटून राहणाऱ्या पेशींचा थर वाढवला आणि त्यावर मूलपेशी सोडल्या. एरवी बाटलीत लवकर संपणाऱ्या त्या पेशी या थरावर कित्येक महिने रक्त बनवत राहिल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दाटीने अशा बसतात की जुन्या वाड्याच्या अंगणातली फरसबंदी आठवावी. दुसरे रेमंड स्कोफील्ड. प्लीहेतल्या गाठींमधल्या मूलपेशी मज्जेतल्यांपेक्षा लवकर थकतात, हे त्यांना खटकत होतं. १९७८ मध्ये त्यांनी मांडलं की मूलपेशी मूलपेशी राहते ती शेजारच्या पेशींनी तिला धरून ठेवलं म्हणून. ती जागा सोडून बाहेर पडली की तिचं मूलपण सरतं आणि ती इतर पेशींसारखी होऊन जाते. या जागेला त्यांनी 'निश' असं नाव दिलं. भिंतीतला कोनाडा. त्या शब्दाकडे मी परत येते.

हे शेजारी कोण, यावर पुढची २५-३० वर्षं वाद चालला आणि अजून पूर्ण मिटलेला नाही. २००३ मध्ये वाटलं, हाड बांधणाऱ्या पेशी. दोन वर्षांत दिसलं की बऱ्याचशा मूलपेशी रक्तवाहिन्यांना लगटून बसलेल्या असतात. मग त्या वाहिन्यांच्या भिंतीतल्या आणि भोवतीच्या पेशींवर लक्ष गेलं. चरबीच्या पेशींना एका अभ्यासाने खलनायक ठरवलं, दुसऱ्याने पोशिंद्या. नसांची टोकंही तिथे पोचतात आणि मेंदूतल्या घड्याळाप्रमाणे मूलपेशींना रक्तात सोडण्याची वेळ ठरवतात. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटली ती २०१४ मध्ये पुढे आलेली. बिंबिका बनवणाऱ्या ज्या अवाढव्य पेशी असतात, त्या मूलपेशीच्याच लेकी. पण त्या मोठ्या झाल्या की आईजवळ बसतात आणि तिला झोपवून ठेवतात. उंदराच्या मज्जेतून त्या काढून टाकल्या तर आई उठून भराभर विभागू लागते.

झोप हा इथला खरा विषय आहे. विषय घेतला तेव्हा मला वाटलं होतं की शेजारी मूलपेशीला वाढवतात, खतपाणी घालतात. घालतातही. पण त्यांचं मुख्य काम आवरण्याचं आहे. सर्वांत गाढ झोपलेल्या मूलपेशी उंदराच्या पूर्ण आयुष्यात जेमतेम पाच वेळा विभागतात असा अंदाज आहे. सेकंदाला लाखोंनी पेशी तयार होतात त्या पुढच्या पिढ्यांच्या मेहनतीवर. आई फार क्वचित उठते. कारण दर विभाजनाला चूक होण्याचा धोका असतो, आणि प्रत्येक वेळी उठणारी आई लवकर संपते. रक्तस्राव झाला, ताप आला, की शेजारी तिला उठवतात, आणि काम झालं की परत निजवतात. ज्याला आपण वाढ म्हणतो ती या धरण्या-सोडण्यातून होते.

हे धरणं-सोडणं मी स्वतःच्या हाडात अनुभवलं. हल्ली मज्जा देण्यासाठी बहुतेक वेळा हाडात सुई घालत नाहीत. दात्याला चार-पाच दिवस जी-सीएसएफ नावाचं इंजेक्शन देतात. तिसऱ्या दिवशी माझी कंबर आणि छातीचं हाड असं ठणकू लागलं, की आतून कुणी दार वाजवतंय असं वाटावं. नर्स म्हणाली, "चांगलं लक्षण आहे." पुढे वाचलं तेव्हा कळलं. शेजारी पेशी 'सीएक्ससीएल १२' नावाच्या प्रथिनाच्या दोरीने मूलपेशींना जवळ बांधून ठेवतात. हे इंजेक्शन मज्जेत असा गोंधळ उडवतं की शेजारी ती दोरी बनवणं कमी करतात. पकड सैल होते आणि मूलपेशी रक्तात उतरतात. पाचव्या दिवशी यंत्राला जोडून साडेचार तास बसले. एका हातातून रक्त जातं, यंत्र हव्या त्या पेशी वेगळ्या करतं, दुसऱ्या हातातून उरलेलं परत येतं. शेवटी एक पिशवी भरली, टोमॅटोच्या साराच्या रंगाची.

आणि दुसऱ्या दिवशी ती पिशवी दादाला लावली. ऑपरेशन नाही, हाड उघडणं नाही. रक्ताची बाटली लावतात तशी हाताच्या शिरेतून, पाऊण तासात संपली. मी डॉक्टरांना विचारलं, "आता या हाडात कशा जाणार?" ते म्हणाले, "त्यांना रस्ता माहीत असतो." शिरेत सोडलेल्या पेशी हृदय, फुप्फुसं, सगळं शरीर फिरतात आणि मज्जेत त्याच दोरीचा वास लागला की तिथे उतरतात.

मग वाट पाहणं. पांढऱ्या पेशींचा आकडा रोज सकाळी फळ्यावर लिहायचे. शून्य. शून्य. पुन्हा शून्य. पंधराव्या दिवसापर्यंत मी त्या 'वय थोडं जास्त' या वाक्यावर इतकी खिळले होते की आकडा न येण्याचा दोष माझाच, असं वाटत होतं. भाग्यवहिनी समोर बसलेली. ती काही बोलली नाही, पण मला तिच्याकडे बघवेना. १९ व्या दिवशी आकडा ५०० च्या वर गेला आणि टिकला.

याच दिवसांत मी पुण्याच्या कामाबद्दल वाचलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच भाषेच्या गावात कुणी शोधत होतं, हे कळल्यावर मला काय वाटलं ते सांगता येत नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, एनसीसीएस. तिथे डॉ. वैजयंती काळे आणि डॉ. ललिता लिमये यांनी मज्जेतल्या याच शेजारावर अनेक वर्षं काम केलं. डॉ. काळे यांच्या आधीच्या कामात एक गंमत आहे : टीजीएफ-बीटा हे प्रथिन मूलपेशींना दाबून टाकतं असा समज होता. त्यांना दिसलं की अगदी सूक्ष्म मात्रेत तेच प्रथिन त्यांना चेतवतं आणि मात्रा वाढली की दाबतं. आपल्या आज्या मिठाबद्दल जे सांगत, तेच.

२०१८ मध्ये त्यांच्या गटाचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पहिल्याच वाक्यात दात्याच्या वयाची चिंता आहे. म्हाताऱ्या दात्याच्या मूलपेशी नीट रुजत नाहीत. त्यांनी म्हाताऱ्या उंदरांच्या मूलपेशी घेतल्या आणि तरुण उंदरांच्या मज्जेतल्या आधार-पेशींबरोबर थोडा वेळ ठेवल्या. नंतर त्या दुसऱ्या उंदरांत टोचल्या तर त्या तरुण पेशींसारख्या रुजल्या. एवढ्याशा सहवासात काय दिलं असेल शेजाऱ्यांनी? उत्तर : पुड्या. पेशी आपल्या पापुद्र्याच्या बारीक पुड्या बांधून बाहेर सोडतात. आता 'पुड्या सोडणं' याचा मराठीत वेगळा अर्थ आहे, पण इथे तो अगदी शब्दशः घ्या. तरुण शेजाऱ्यांच्या पुड्यांमध्ये काही चिठ्ठ्या होत्या, आणि त्यांत निरोप होता : घरातली अडगळ मोडीत काढ. प्रत्येक पेशीत निकामी झालेला माल साचतो. तो मोडून पुन्हा वापरण्याची एक व्यवस्था असते. वयाबरोबर ती मंदावते. निरोप मिळाला आणि म्हाताऱ्या पेशीने घर झाडून काढलं.

आणि म्हातारे शेजारी? त्यांच्यात एकेटी नावाची एक रासायनिक साखळी वयानुसार सतत चालू राहते. त्यामुळे त्यांच्या पुड्यांत हा निरोप कमी होतो, आणि आणखी बारीक पुड्यांतून मायक्रो-आरएनएचे असे तुकडे जातात की मूलपेशीकडे असलेली सफाईची आज्ञाही दबून जाते. म्हणजे मूलपेशी केवळ आपल्या वयाने म्हातारी होत नाही. शेजार तिला म्हातारी करतो. पुण्याच्या गटाने म्हाताऱ्या शेजाऱ्यांमधली एकेटी औषधाने बंद केली, तर त्यांच्या पुड्या तरुणांच्या पुड्यांपेक्षाही सरस ठरल्या. हे निबंधात वाचलं तेव्हा मी वाक्य दोनदा वाचलं. रुग्णालयाच्या कँटीनमध्ये, चहा निवून गेला होता.

हे सगळं उंदरांवरचं काम आहे. माझ्या पेशींना कुणी पुड्या दिल्या नाहीत. कुणी घरी जाऊन डॉक्टरांकडे हा उपचार मागू नये म्हणून स्पष्ट सांगते. पण माझा प्रश्न, पेशी म्हातारी की घर, हा वेडगळ नव्हता. तो प्रयोगशाळेत विचारला गेला होता आणि उत्तराचा मोठा भाग घराच्या बाजूला पडला. आणि माझ्या पेशी तर माझं घर सोडून दादाच्या घरात गेल्या होत्या, जिथे कर्करोगाने शेजाऱ्यांना फितवलेलं होतं आणि केमोथेरपीने झोडपलेलं. कर्करोगाच्या पेशी मज्जेतल्या शेजाऱ्यांना आपल्या सोयीचं करून घेतात, हेही आता दिसून आलेलं आहे. तशा पडक्या वाड्यात जाऊन त्या राहिल्या. १९ दिवस लागले तर लागले.

याचा आपल्या प्रांताशी संबंध आहे. झाबुआ-अलीराजपूरकडून येणारी मुलं माझ्या वर्गात असतात. त्या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. २०२३ च्या १ जुलैला त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान आपल्याच राज्यातल्या शहडोलहून सुरू झालं. सिकलसेल हा बीजातला दोष. मज्जारोपण करा किंवा जनुक दुरुस्त करा, दोन्हींत नवं बीज पेरायचं असतं. पण पेरणी होते ती वर्षानुवर्षं आजार सोसलेल्या मातीत. या मुलांना, त्यांच्या आईवडिलांना हे समजावून सांगायचं कुठल्या शब्दांत? ज्या घरात संमतीपत्रावर सही करायची असते, तिथे शब्द कळणं ही चैन नसते. मी पदवीधर, डॉक्टरेट असलेली बाई, आणि माझ्या पुढ्यातल्या कागदावरची तीन वाक्यं मला कळली नव्हती. सही मी केली.

म्हणून परत 'निश'कडे. आमच्या जुन्या घरात चौदा कोनाडे होते. दिव्याचा, तेलाच्या बुधलीचा, आजोबांच्या चष्म्याचा. भिंतीतल्या जागेसाठी हा शब्द चोख आहे. पण कोनाडा रिकामा असतो. तो दिव्याला काही देत नाही, वात मोठी झाली तर आवरत नाही. मूलपेशीभोवतीचं सगळं जिवंत आहे, बोलतं आहे. शब्दाचं भाषांतर बरोबर, पण अर्थ हरवला.

विद्यार्थ्यांना विचारलं. एकाने 'आळं' सुचवलं, झाडाच्या बुंध्याभोवती पाण्यासाठी करतो ते. माती आणि पाणी दोन्ही त्यात येतं, पण आळं माळी करतो, झाडाच्या लेकी नाहीत. मग मला आधार-पेशींसाठी वापरतात तो 'स्ट्रोमा' हा शब्द आठवला. मूळ ग्रीक अर्थ अंथरूण. आणि आपल्याकडे तर अंथरूण पाहूनच पाय पसरतात. मूलपेशी अक्षरशः तेच करते. स्ट्रोमासाठी अंथरूण मला पसंत आहे. परिभाषा समित्यांना ते घरगुती वाटेल, वाटू दे. 'निश'साठी मात्र मी 'शेजार' वापरते. शेजारी धरतो, सोडतो, विरजण देतो, उठवतो, कधी बिघडवतो. जागा आणि माणसं दोन्ही त्या एका शब्दात येतात. तुम्हाला वाटत असेल, आता बाई माळव्यातल्या मराठीवर येणार, तिच्या शेजारावर. नाही येणार. तो विषय मोठा आहे आणि आपल्यातले दोघं-तिघं त्यावर माझ्याहून चांगलं बोलतील.

दादा आता बरा आहे. त्याचा रक्तगट बी होता, तो ओ झाला, माझा. आधीचं ओळखपत्र त्याने अजून पाकिटातून काढलेलं नाही. वहिनी त्यावरून रोज बोलते.

एक शब्द मला अजून सापडलेला नाही. शिरेत सोडलेली पेशी सगळं शरीर फिरून मज्जेत येते आणि थांबते, त्याला इंग्रजीत 'होमिंग' म्हणतात. 'स्वगृहगमन' असं एका ठिकाणी वाचलं. ते पत्रिकेवर शोभेल. 'परतणं' म्हणावं तर माझ्या पेशी दादाच्या हाडात पहिल्यांदाच गेल्या होत्या. जिथे कधी गेलोच नाही तिथे परतणार कसं? संध्याकाळी गुरं सोडली की आपापल्या गोठ्याशी येतात, त्यासाठी निमाडात, वऱ्हाडात, खानदेशात कुठेतरी शब्द असणार. सभागृहात त्या भागातली मंडळी आहेत. कुणाला आठवला तर चहाच्या वेळी मला गाठा, नाहीतर अकादमीच्या कार्यालयात चिठ्ठी ठेवा.